काकूंच्या कामाची डिस्क

"थांबवा, थांबवा. ती बघा, तीच मी."

काकूंनी ओल्या हाताने पडद्याकडे बोट दाखवलं. कॅसेटकाकांनी कळ दाबली आणि चित्र जागच्या जागी थांबलं. दवाखान्याचा लांबलचक व्हरांडा. पुढे बाकावर डोकं धरून बसलेली नायिका, आणि तिच्या खांद्याच्या पलीकडे, पार टोकाला, हातात ट्रे घेऊन चाललेली एक नर्स.

"ट्रे कसा धरलाय बघा. खऱ्या नर्सला विचारून घेतलं होतं मी. हे घ्याच."

"घेतो," काका म्हणाले आणि तेवढा तुकडा त्यांनी बाजूला काढला.

कॅसेटकाकांचं कॅसेट भाड्याने देण्याचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. दुकान गेलं, नाव तेवढं चिकटून राहिलं. आता घरातल्याच पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता. त्याला टीव्हीची वायर जोडलेली. कुणाचा मुलगा प्रश्नमंजूषेत दिसला, कुणाच्या वडिलांची मुलाखत लागली, की माणसं काकांकडे येत. काका तो कार्यक्रम टीव्हीवरून उतरवून घेत, जाहिराती कापत, आणि एवढी मोठी फाइल दाबून दाबून एका डिस्कवर बसवून देत. काकांची डिस्क कुठल्याही प्लेअरवर न अडखळता चालते असा गल्लीत लौकिक होता. काका तसं कधी बोलून दाखवत नसत, पण कुणी म्हटलं की ते कान टवकारत.

काकू मालिकांमध्ये काम करायच्या. काम म्हणजे गर्दीतलं. कधी लग्नातल्या पाहुण्या, कधी कोर्टात बाकावर बसलेल्या, कधी भांडण ऐकायला जमलेल्या शेजारणी. शूटिंगला माणसं पुरवणारा एकजण होता, त्याला सगळे मामा म्हणत. मामाचा निरोप आला की काकू डबा घेऊन निघायच्या. तो भाग टीव्हीवर लागला की काका रेकॉर्ड करायचे. आधी कॅसेटवर, मग कॉम्प्युटरवर. एखादी शेजारीण विचारायची, "काल मालिका बघितली, तुम्ही कुठे दिसला नाहीत?" त्यावर काकू म्हणायच्या, "तुमची पापणी लवली असेल तेव्हा." आणि स्वतःच आधी हसायच्या.

त्या आठवड्यात मात्र मामाने वेगळाच निरोप दिला होता. नव्या मालिकेत नायिकेच्या मावशीची भूमिका होती. बोलायची भूमिका. बाई नवखी चालेल, पण आजवर काय केलंय ते बघायला हवं, तेव्हा कामाची एक डिस्क आणून द्या.

"एकच डिस्क हं," काकू काकांना बजावत होत्या. "दोन दिल्या तर कुणी बघायचं नाही."

काकांनी माळ्यावरचे खोके उतरवले. इतक्या वर्षांतलं सगळं त्यांनी एकेक करून कॉम्प्युटरमध्ये घेतलं. काकू पोळपाट सोडून मधेच धावत यायच्या, "हे राहिलं, ते राहिलं" सांगायच्या. बऱ्याच दिवसांनी घरात असा लग्नघरासारखा उत्साह होता.

डिस्क तयार झाली आणि दोघं टीव्हीपुढे बसले.

पहिल्या दोन-तीन तुकड्यांत काकू पुढे झुकून बघत होत्या. मग हळूहळू मागे टेकल्या. नायिका रडत होती, नायक ओरडत होता, त्यांच्या चेहऱ्यावरची रेष न् रेष दिसत होती. मागे जिथे काकू होत्या तिथे चेहऱ्याच्या जागी राखाडी चौकोन थरथरत होते. ट्रे होता. ट्रे धरणारी कोण ते कळत नव्हतं.

"हे काय केलंत?" काकूंचा आवाज अगदी हळू होता. "माझं तोंडच पुसून टाकलं तुमच्या मशीनने."

"जास्त दाबलं गेलं बहुतेक," काका म्हणाले. "मशीन जागा वाचवायला मागचं मागचं खातं. परत करतो मी."

त्यांनी परत केलं. कमी दाबून केलं. चौकोन गेले, पण त्यांच्या जागी नुसता धूसर डाग राहिला. काकू दुपारी आडव्या झाल्या असताना काकांनी मूळ कॅसेट लावून पाहिली. मूळ चित्रातही तो डागच होता. दुसरी लावली, तिसरी लावली. कॅमेऱ्याची नजर दरवेळी पुढच्या बाईवर रोखलेली होती आणि मागचं सगळं त्याने मुद्दाम पुसट ठेवलं होतं. इतकी वर्षं काकू "ती बघा मी" म्हणायच्या आणि काकांना ती दिसायची, कारण काकूंची चाल त्यांना पाठ होती. परक्या माणसाला तिथे कुणीच दिसलं नसतं.

काकांनी कॅसेट काढून खोक्यात ठेवली. "अगं, माझंच चुकतंय कुठेतरी," ते काकूंना म्हणाले.

"मग चौकातल्या मोठ्या स्टुडिओत देते मी. त्यांच्याकडे भारीतलं मशीन आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीची पिशवी घेऊन काका बाहेर पडले ते थेट त्या स्टुडिओत गेले. पिशवीतून त्यांनी एक कॅसेट काढली. तिथल्या माणसाने ती लावून बघितली.

"मुळातच पुसट आहे हो. या मागच्या बाईंवर फोकसच नाहीये. कुणीही काही करू शकणार नाही."

"ठाऊक आहे मला," काका म्हणाले. "माझी बायको येईल या कॅसेट घेऊन. तिला हे सांगू नका. म्हणा, आधी ज्याने काम केलं त्याने कॅसेट बिघडवून ठेवल्यात."

"आधी कुणी केलं काम?"

"मीच."

त्या माणसाने मान डोलावली.

संध्याकाळी काकू परत आल्या. कॅसेटची पिशवी त्यांनी कॉम्प्युटरशेजारी आदळली नाही, नुसती ठेवली. "तो म्हणाला, कुणा अडाण्याने हाताळल्यात."

"असेल," काका म्हणाले.

होती तशी डिस्क मामाकडे गेली. मावशीची भूमिका दुसऱ्याच बाईला मिळाली. मामा म्हणाला, डिस्क लावून बघितली त्यांनी, पण यात आम्ही बघायचं कुणाला, असं विचारत होते.

काकू रडल्या नाहीत. भांडल्याही नाहीत. त्यांचं बोलणं मात्र कामापुरतं उरलं. जेवायला वाढलंय. दार लावून घ्या. कुणी विषय काढला की त्या सांगायच्या, "यांच्या मशीनपायी गेलं हो माझं काम." सांगण्यात चीड नसायची. पाणी आलं नाही, वीज गेली, तसं सांगायच्या. पण गल्लीला ऐकायला तेवढं पुरलं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बाई शाळेच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग दरवर्षी काकांकडे आणायच्या, त्या या वेळी चौकातल्या स्टुडिओत गेल्या. हळूहळू इतरही जाऊ लागले. काका सकाळी कॉम्प्युटरवरची धूळ पुसायचे, चालू करायचे आणि समोर पेपर वाचत बसायचे.

परगावच्या लेकीने फोनवर काकांकडून सगळं खोदून खोदून काढून घेतलं.

"बाबा, आईला खरं सांगून टाका ना. किती ऐकून घेणार?"

"मशीन बदलता येतं गं," काका म्हणाले. "बाकीचं कुठे बदलता येतंय?"

पुढे एकदा मामाला वयस्कर पुरुष कमी पडले. "तुमच्या मिस्टरांना आणा," त्याने काकूंना सांगितलं. काकूंनी काकांचा पांढरा शर्ट काढून पलंगावर ठेवला. "चला," एवढंच म्हणाल्या.

एका बंगल्याच्या बागेत शूटिंग होतं. घरातले आजोबा वारले आहेत आणि लोक अखेरचं भेटायला आलेत, असा प्रसंग. काका-काकूंना शेवटच्या रांगेत उभं केलं. कॅमेरा खूप लांब होता. आवाज करायचा नाही, नुसतं रडायचं, असं एक मुलगी येऊन सांगून गेली.

काकांनी काकूंचं काम आजवर पडद्यावरच बघितलं होतं. आता त्या हातभर अंतरावर होत्या. "सुरू" म्हटल्यावर काकूंचा चेहरा त्यांच्या डोळ्यांदेखत बदलला. आधी हनुवटी हलली. मग ओठ घट्ट मिटले, आणि रडू आवरायचं म्हणून आवरत नाही अशा बाईसारखं डोळ्यांतून पाणी यायला लागलं. समोरच्या फुलांखाली कुणी झोपलेलं नव्हतं, ते काकूंना ठाऊक होतं. पुढे नायिकेने वाक्य चुकवलं आणि सगळं थांबलं.

"मागच्या बाई, मान थोडी खाली घ्या, तुम्ही लाइटच्या आड येताय," कुणीतरी ओरडलं.

"बरं," म्हणत काकूंनी डोळे पुसले. मग काकांकडे न बघता त्या हळूच म्हणाल्या, "कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे, दिसतंय?"

"पुढे आहे."

"पहिल्या दिवसापासून पुढेच आहे. आंधळी नाहीये मी."

काकांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"तुमच्या त्या स्टुडिओवाल्याला धड खोटंही बोलता येत नव्हतं. कॅसेट लावलीसुद्धा नाही त्याने. हातात घेऊन नुसता मान हलवत बसला."

"मग मला का नाही बोललीस?"

"काय बोलू? की मी कुठेच नाहीये म्हणून?" काकूंनी नाक पुसलं. "कुणावर तरी रागवायचं होतं मला. घरात तुम्हीच होतात." मग त्या म्हणाल्या, "गल्लीत सांगेन मी सगळ्यांना. डिस्क चांगली होती म्हणून."

"राहू दे."

"का राहू दे? सांगेन."

पुन्हा एकदा घ्यायचंय, अशी हाक आली. माणसं आपापल्या जागी सरकली. काकूंनी काकांची बाही धरून त्यांना अर्धं पाऊल डावीकडे ओढलं. "इथे उभे राहा. इथून निदान खांदा कॅमेऱ्यात येतो."

काका तिथे उभे राहिले. सांगितल्याप्रमाणे दोघांनीही मान खाली घातली. त्यामुळे काकूंचा चेहरा काकांना दिसला नाही. शेजारी लोंबणारा त्यांचा हात तेवढा दिसत होता. मूठ घट्ट आवळलेली होती, आणि शॉट संपेपर्यंत ती सुटली नाही.