उंबऱ्याबाहेरचा स्प्लिंट

मित्रांनो, मी डाव्या पायाचा एक जुना स्प्लिंट आहे. पांढरं कडक प्लॅस्टिक, चिकटणाऱ्या दोन पट्ट्या आणि अंगात भरपूर राग. राग कसला, तेवढं ऐका.

नगरच्या एका रुग्णालयात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचा विभाग आहे. जन्माच्या आसपास मेंदूला इजा होते आणि त्याचा हुकूम हातापायांना नीट पोचत नाही, अशी ही मुलं. तिथंच राजनंदिनीच्या पायाला ओलं प्लास्टर गुंडाळून माझं माप घेतलं. ती पाच वर्षांची, शेवगावकडची. डावा पाय आखडलेला, म्हणून चवड्यावर चालायची. तिची टाच जमिनीला टेकवायची, हे माझं काम. व्यायाम घेणाऱ्या निकिता मॅडमनी तिच्या आईला, शुभांगीला, बजावलं, "दिवसभर घालायचा. नाहीतर पाय असाच राहील."

मी मोठ्या ऐटीत एसटीनं गावी गेलो. ऐट उंबऱ्यावरच उतरली. राजनंदिनीचे आजोबा रंगनाथ दारात आडवे उभे होते.

"पायतान आत येनार न्हाई. घरात देव हायेत."

"आबा, हे पायतान न्हाई, औशीद हाय," शुभांगी म्हणाली.

"पायात घालत्यात ना? मग पायतानच."

झालं. माझी रवानगी चपलांच्या रांगेत. पोर दिवसभर घरात आणि मी बाहेर! अंगणात आली तर घटकाभर पायात, की पुन्हा रांगेत. म्हातारा रोज नातीसाठी देवाला हात जोडायचा आणि बाहेर येऊन मला पायानं बाजूला सारायचा. शुभांगीचा नवरा सचिन साखर कारखान्यात कामाला. तो ना बापाला बोले, ना बायकोला. असं मूग गिळून बसणाऱ्यांचा मला सगळ्यांत जास्त राग येतो.

चार महिन्यांनी दवाखान्याची तारीख आली. शुभांगीनं मला धुऊनपुसून नेलं. निकिता मॅडमनी मला उलटा करून पाहिलं. तळ कोरा, पट्ट्या करकरीत.

"घातलेलाच नाही हा," भर रांगेत त्या कडाडल्या. "शिकलेल्या दिसता. पोरीची काळजी नाही का तुम्हाला?"

त्यांनी मला राजनंदिनीच्या पायात चढवलं. टाच माझ्या तळाला टेकेना. पाय आणखी आखडला होता.

शुभांगीची मान खाली होती. ती वर झाली. "आमच्या घरात पायतान चालत न्हाई. पोरगी घरी कशी ऱ्हाती, तुमी कधी इचारलं का? नुसत्या वरडताय."

मॅडमनी मग घरचं सगळं विचारून घेतलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता पाय थोडा थोडा ताणून दर आठवड्याला नवं प्लास्टर, असे तीन आठवडे. पहिल्या प्लास्टरला राजनंदिनी इतकी रडली, की मला माझ्या कोऱ्या तळाची लाज वाटली.

प्लास्टर काही दारात काढून ठेवता येत नाही. ते उंबरा ओलांडून थेट देवासमोर गेलं. आबा बघत राहिले. देव काही उठून गेले नाहीत.

तोवर पाय वाढून मी लहान पडलो होतो, म्हणून मोठ्या मापाचा नवा स्प्लिंट आला. शुभांगीनं तो लेकीच्या पायात बांधूनच तिला आत नेलं.

"ह्यो आतच ऱ्हानार. ज्याला चालत न्हाई, त्यानं भायेर बसावं."

आबा खरंच ताट घेऊन ओसरीवर आले आणि अजून तिथंच जेवतात. सासरा-सून एकमेकांशी बोलत नाहीत.

मी अजून चपलांतच पडून आहे. आतून पावलं वाजतात, आधी टाच, मग चवडा. आबांचा घास हातातच थांबतो. ते ऐकतात आणि तोंड फिरवतात. मीही ऐकतो. ती टाच माझ्याकडून टेकायची होती.

मित्रांनो, माझी कीव करू नका. माझ्यासारख्यांना जपूनही ठेवू नका, झिजवा. तुमचं भांडण मिटेपर्यंत मुलाचा पाय वाढायचा थांबत नाही.