एका हाताचा कॅमेरा

"दादा, आधी हा धर," असं म्हणत अनिलनं काळा, चपटा कॅमेरा भरतच्या उजव्या हातात दिला. "आणि हा बघ दुसरा. जुन्या रोलच्या कॅमेऱ्यासारखा दिसतो की नाय? पण आतून एकदम आजचा माल."

दुसरा कॅमेरा त्यानं टेबलावर ठेवला. भरतचा डावा हात मांडीवर होता, तो तिथंच राहिला.

अनिल पूर्वी भरतच्या स्टुडिओत कामाला होता. आता मुंबईत, फोर्टातल्या एका दुकानात कॅमेरे दुरुस्त करायचा. शिमग्यासाठी पोलादपूरला घरी येताना त्यानं दुकानातून हे दोन वापरलेले कॅमेरे आणले होते. भरतनं एक ठेवून घ्यायचा, दुसरा अनिल उद्या संध्याकाळच्या गाडीनं परत नेणार. पैशांचा प्रश्न नव्हता. भरतचा मोठा कॅमेरा आणि त्याच्या सगळ्या लेन्सा अनिलनंच विकून दिल्या होत्या.

"दोघांचीपण लेन्स फिक्स. काढायची नाय, बदलायची नाय, झूम नाय. सेन्सर मात्र तुझ्या मोठ्या कॅमेऱ्याएवढा, त्यामुळं फोटोत फरक पडणार नाय," अनिल सांगत होता. "हा छोटा शर्टाच्या खिशात जातो. लेन्स वाइड हाय, सगळी बटणं उजव्या अंगठ्याखाली. पण डोळा लावायला खिडकी नाय, मागं स्क्रीनवर बघूनच काढायचा. दुसऱ्याला खिडकी हाय, लेन्सभोवती ॲपर्चरची रिंग हाय. माणसाचा चेहरा तर असा येतो ना दादा, की बस. फक्त..."

"फक्त दोन हात लागतात," भरत म्हणाला. किती वाजले ते सांगावं, तशा आवाजात.

"ऑटोवर टाकला तर रिंगला हात नाय लावावा लागत," अनिल घाईघाईनं म्हणाला. पण कॅमेऱ्याचं वजन काही ऑटोवर टाकता येत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

स्वयंपाकघराच्या दारात भरतची बायको अनुपमा उभी होती. "मग तोच घ्यायचा," ती म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले? हाताला काम द्या. काम दिलंच नाही तर हात येईल कसा? परवा दोन बोटं हलली. मी पाहिली ना स्वतः."

परवा बोटं हलली नव्हती. तेल चोळताना तिच्याच अंगठ्याच्या दाबानं ती वाकली होती. भरतला ते दिसलं होतं. जाणवलं काहीच नव्हतं.

मागच्या लग्नसराईत महाडच्या एका कार्यालयात तो स्टेजसमोर उभा राहून नवरानवरीचे फोटो काढत होता. कॅमेरा एकाएकी खाली गेला. पट्टा तुटला असेल असं त्याला वाटलं. पट्टा गळ्यातच होता. डावा हात खालून निघून गेला होता. नवरी तशीच हसत उभी होती, वाजंत्री चालू होती, आणि भरत आपल्या हाताकडे 'हा कुणाचा' अशा नजरेनं बघत होता. मग पायही गेला आणि तो खुर्च्यांच्या रांगेत पडला. पाय पुढं महिन्याभरात सावरला, थोडा ओढतो एवढंच. हात सावरला नाही.

सगळ्यांना वाटलं होतं, भरत खचेल. तो खचला नाही. रडला नाही, चिडला नाही. पुतण्या ओमनं स्टुडिओ हातात घेतला, लग्नाची कामं, ड्रोन, सगळं. भरत सकाळी स्टुडिओबाहेरच्या खुर्चीत येऊन बसायचा आणि कशेडीच्या बोगद्याकडे जाणाऱ्या ट्रकांकडे बघत राहायचा. कुणी "कसं काय?" विचारलं की "बरं हाय" म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं. बरं कुठं संपतं आणि वाईट कुठं सुरू होतं, तेच त्याला कळेनासं झालं होतं. जेवणात मीठ कमी पडलं तरी तो जेवायचा, जास्त पडलं तरी जेवायचा.

सगळी काळजी वाहायचं काम मग अनुपमाकडेच आलं. हात येणार, हे तिनं माहेरी सांगितलं होतं, शेजारी सांगितलं होतं, देवाला सांगितलं होतं.

'छोटाच ठेवतो' असं अनिलला सांगून टाकायला भरतची काही हरकत नव्हती. पण अनुपमासमोर ते तोंडातून निघेना.

दुसऱ्या दिवशी माळवाडीला जायचं होतं. आंबेनळी घाटाच्या वाटेवरून आत, डोंगराच्या कुशीतली ती वस्ती. गेल्या पावसाळ्यात वाडीच्या वर डोंगराला लांबलचक भेग पडली होती. मंडळींसाठी खाली रस्त्याला घरं बांधून झाली होती आणि येत्या पावसाच्या आत सगळ्यांना उतरायचं होतं. वाडीतल्या गोमाजीचा फोन आला होता : "भरतदादा, कौलं उतरवायच्या आधी घराघराचा फोटो पायजे. माणसांसकट. मोठा करून नव्या घरात लावायचा."

"ओमला पाठवतो."

"नाय रे, तूच ये. माझ्या लग्नाचं तू काढलंस. आणि मोबाइलचं फोटो मोबाइलातच ऱ्हातात."

अनुपमा स्कूटर चालवत होती, भरत मागं बसला होता. स्कूटर ती भरत आजारी पडल्यावर शिकली. घाटाच्या वळणांवर ती हॉर्न जरा जास्तच वाजवायची. छोटा कॅमेरा भरतच्या खिशात होता, दुसरा तिच्या पिशवीत. रस्ता संपला तिथं स्कूटर लावून दोघं पायवाटेनं वर चढले.

वाडीत निम्मं सामान आधीच बांधलेलं होतं. अंगणात कणग्या, पाट्या, टीव्हीचं खोकं. गोमाजी, त्याची बायको ललिता आणि कॉलेजात जाणारी मुलगी श्रुतिका धुतलेले कपडे घालून दारात उभी होती. ऊन टळटळीत होतं.

"हा घ्या," अनुपमानं पिशवीतला कॅमेरा काढला.

भरतनं तो उजव्या हातात घेतला. तिनं त्याचा डावा हात उचलला, लेन्सखाली आणला, एकेक बोट रिंगभोवती वळवलं आणि वरून आपला हात ठेवला. "धरलंय," ती हळूच म्हणाली.

भरतनं खिडकीला डोळा लावला.

बाकी सगळं नाहीसं झालं. चौकटीत फक्त गोमाजीच्या घराचं दार, ती तीन माणसं, ललिताच्या खांद्यावर नीट केलेला पदर. किती दिवसांनी त्यानं जग असं, एवढंच, बघितलं होतं. आत कुठंतरी काही जागेवर बसल्यासारखं झालं. कॅमेरा स्थिर होता. क्षणभर त्याला खरंच वाटलं, हात धरतोय.

तेच अनुपमालाही वाटलं असावं. तिनं अगदी सावकाश आपला हात काढून घेतला.

चौकटीतलं दार कललं. मग आभाळ आलं. कॅमेरा उजव्या हाताच्या बोटांतून निसटला आणि अनुपमानं तो छातीशी धरला, कडेवरून घसरणारं पोर धरावं तसा.

गोमाजीनं मान वळवून डोंगराकडे बघितलं. "ऊन लई हाय आज," तो म्हणाला.

अनुपमा भरतच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. खाली लोंबणाऱ्या त्याच्या हाताकडे बघत होती. रोज तेल लावणारा माणूस जसा बघतो तसं नव्हे. पहिल्यांदाच बघावं तसं. मग तिनं तो कॅमेरा पिशवीत घातला, चेन लावली आणि भरतच्या खिशातला छोटा कॅमेरा काढून त्याच्या उजव्या हातात दिला.

"हा वाइड आहे ना?" ती म्हणाली. "मागं सरायला जागाच नाही तुम्हाला. त्या लेन्समध्ये घर बसलंच नसतं."

भरतनं मागं बघितलं. खरंच, अंगण दोन पावलांवर संपत होतं आणि खाली उतार होता. ती काल दारात उभी राहून अनिलचं एवढं सगळं ऐकत होती, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्यानं फोटो काढला. उन्हानं स्क्रीनवर काही दिसत नव्हतं, नुसता काळा आरसा. तरी त्यानं अंदाजानं काढला, मग सावलीत जाऊन बघितला. घर पुरतं आलं होतं. श्रुतिकाचे डोळे मिटले होते म्हणून पुन्हा काढला. मग पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. माणसं येत होती, दारात उभी राहत होती, हसू की नको असं एकमेकांना विचारत होती. भरत "थोडं अलीकडं या" म्हणत होता. अनुपमा लोकांचे केस, पदर नीट करत होती. ती एरवी बडबडी. आज कामापुरतंच बोलत होती.

शेवटचं घर गोमाजीच्या चुलतीचं, तुळजाबाईचं. ती एकटीच राहायची. म्हातारी अंगणात पालथ्या पाटीवर बसली होती, ती उठेना.

"काकी, दारात उभी ऱ्हा," गोमाजी म्हणाला.

"माझा नको रे. मी खाली येतेच हाय तुमच्यासंगं." तिनं भरतकडे बघितलं. "तू जोत्याचा काढ."

"घराचा काढतो ना काकी, त्यात जोतं येतंय," भरत म्हणाला.

"घर खाली येतंय. कौलं येतील, वासं येतील, दार येल. जोतं नाय येत. त्ये हितंच ऱ्हायचं." तिनं जोत्याकडे बोट दाखवलं. "माझ्या सासूनं आन् मी दगड वाह्यलेत त्येचं. निसतं जोतं काढ."

जोतं गुडघ्याएवढंच होतं, काळ्या दगडांचं, वरून शेणानं सारवलेलं. उभ्यानं काढला तर त्यात सगळं घरच येत होतं. भरत वाकला. ओढत्या पायानं त्याला बसता येईना, तेव्हा अनुपमानं मागून त्याची कंबर धरली आणि त्यानं उजवा हात लांब करून कॅमेरा जवळपास जमिनीला टेकवला. काय दिसतंय ते बघायची सोय नव्हती. त्यानं बटण दाबलं. आणखी थोडं बाजूला सरकवून पुन्हा दाबलं.

तुळजाबाईनं फोटो बघायला मागितला. स्क्रीनवर पदराची सावली धरून ती बराच वेळ बघत राहिली. "ह्यो कोपऱ्यातला दगड सासूचा," ती म्हणाली. मग कॅमेरा परत दिला. "आलंय. जाताना ताक पिऊन जा गो," हे अनुपमाला.

उतरताना वाटेत अनुपमा पुढं होती. एका ठिकाणी ती थांबली. भरतला वाटलं, आपल्यासाठी थांबली असेल. ती पाठमोरीच उभी होती. तो जवळ आला तशी ती पुन्हा चालू लागली.

संध्याकाळी पोलादपूरच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात अनिल पाठीला भलीमोठी सॅक लावून बसला होता. मुंबईची गाडी यायची होती. तिघांनी चहा सांगितला. भरतनं उजव्या हातानं आपला डावा हात उचलून टेबलावर ठेवला.

"मग दादा, काय फायनल?"

भरतनं तोंड उघडलं. काय म्हणायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. अनुपमा म्हणाली असती तर दोन हातांचा कॅमेरा घेऊन त्यानं तो कपाटात ठेवून दिला असता. त्याला चाललं असतं.

अनुपमानं पिशवीतला कॅमेरा काढला आणि अनिलपुढं सरकवला. "हा घेऊन जा."

"वैनी, पण काल तर तुम्ही... म्हणजे घाई नाय. ठेवा महिनाभर. दुकानवाला आपलाच आदमी हाय. हाताला व्यायाम..."

"नको," ती म्हणाली. "त्यांना एका हाताचाच बरा."

आवाज साधा होता. डॉक्टरांनी, शेजाऱ्यांनी, ओमनं, सगळ्यांनी हे कधी ना कधी आडून सुचवलं होतं. तिनं कधीच नाही. भरतनं तिच्याकडे बघितलं. ती टेबलावरचा साखरेचा एक दाणा बोटानं इकडून तिकडे सरकवत होती. हात गेला तेव्हा जे वाटायला हवं होतं आणि वाटलं नव्हतं, ते आता वाटत होतं. पण हातासाठी नव्हे. तिला काहीतरी म्हणावं असं त्याला फार वाटलं.

तेवढ्यात गाडी आली. अनिलनं कॅमेरा सॅकमध्ये कोंबला, "दादा, फोटो पाठव हां मला, वैनी, येतो," असं म्हणत तो उठला. वळताना त्याची सॅक टेबलाला लागली आणि भरतचा ग्लास आडवा झाला. अनिलच्या ते गावीही नव्हतं, तो धावत सुटला होता. भरत खिडकीतून गाडीकडे बघत होता. अनिल चढला, कंडक्टरनं दार ओढलं, गाडी महाडच्या दिशेला लागली.

तो वळला तेव्हा अनुपमा टेबलाकडे बघत होती. चहा पसरत पसरत टेबलाच्या कडेपर्यंत गेला होता आणि भरतचा डावा हात त्या चहात होता. वाफ अजून निघत होती.

तिनं हात उचलला. मनगटापासून खाली, एकेक बोट करत, पदरानं पुसला. कातडी लालसर झाली होती. तिनं त्यावर फुंकर घातली नाही, काही विचारलं नाही. हात त्याच्या मांडीवरही ठेवला नाही. टेबलाखाली आपल्या मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हातानं आपला ग्लास उचलला.

"तुमच्यासाठी अजून एक सांगा," ती म्हणाली.

भरतनं उजवा हात वर केला.