दोन रेघांच्या मधली मी

गाडी रस्त्यात बंद पडली की तुम्ही म्हणता, "हिनं दगा दिला." दगा मी दिला? माझ्या अंगावर दोन रेघा आहेत. पाणी खालच्या रेघेखाली गेलं तर बाहेरून दिसावं, म्हणून माझं अंगही आरपार दिसेल असं केलंय. याहून मोठ्यानं मी कसं ओरडू?

मी कूलंटची टाकी बोलतेय. इंजिनाशेजारच्या कोपऱ्यात माझं बिऱ्हाड. इंजिन तापलं की त्याला गार ठेवणारं हिरवं कूलंट फुगून माझ्याकडे येतं, निवलं की परत जातं. माझं सगळं आयुष्य या ये-जा करण्यात गेलं.

घरातले वडील होते तोवर चैन होती. सुट्टीच्या सकाळी, गाडी गार असताना, ते वाकून माझ्याकडे बघायचे. "काय गं, ठीक ना?" म्हणायचे. ते गेले आणि गाडी दोन मुलांच्या वाट्याला आली. सकाळी ताई शाळेत शिकवायला जाते, दुपारी तिचा धाकटा भाऊ फरशांचे नमुने घेऊन दुकानं फिरतो. शिवाय आईला डायलिसिसला न्यावं लागतं. त्यामुळे या गाडीवाचून घराचं चालत नाही.

मग खालच्या रबरी नळीला बारीक चीर पडली. थेंब थेंब गळू लागलं.

ताईनं पाहिलं, पाणी कमी. 'त्याला कशाला सांगा, आधीच त्याचं काम मंद आहे,' म्हणत तिनं नळाचं पाणी ओतलं. दुपारी भावानं पाहिलं, पाणी कमी. 'ताईच्या जिवाला अजून एक घोर कशाला,' म्हणत त्यानंही ओतलं. हे रोजचंच झालं. अर्धी गळती तिला दिसायची, अर्धी त्याला. पूर्ण गळती फक्त मला ठाऊक होती.

माझा हिरवा रंग फिका पडला, मग गंजानं तांबूस झाला. मायेनं ओतलं म्हणून नळाचं पाणी काही कूलंट होत नाही. मी फार थकले.

आज आईला धड उभंही राहवेना, म्हणून दोघं बरोबर निघाली. दुसऱ्यासमोर बॉनेट कसं उघडायचं, म्हणून आज माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही. चढावर काटा लाल खुणेवर गेला. बॉनेटखालून भसाभस वाफ आली. भावानं गाडी कडेला घेऊन बंद केली आणि फडकं घेऊन थेट माझ्या झाकणाला हात घातला.

"ठोंब्या, हात काढ!" ताईनं त्याला मागे खेचलं. "उकळतंय ते. सगळं तोंडावर उडेल!"

"मग आईचं काय?"

मागच्या सीटवरून आईचा क्षीण आवाज आला, "उशीर झाला की माझं मशीन दुसऱ्याला देतील रे."

ताईनं हात करून टॅक्सी थांबवली. चालकानं आईला आधार देऊन आत बसवलं. इकडे ताईनं पर्समधून पाण्याची बाटली काढली, भावानं डिकीतून. दोघं एकमेकांच्या हाताकडे बघत राहिली.

"तू पण ओतायचास?"

"रोज. आणि तू?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुला काळजी नको म्हणून. तू का नाही बोललीस?"

मग दोघांचीही तोंडं सुटली. गाडी गॅरेजला कुणी दाखवायची, वडिलांसारखं कोण बघतं, सगळं निघालं. भांडा बाबांनो, मनसोक्त भांडा. पण मला नवी नळी द्या, खरं कूलंट द्या, आणि पाणी कमी दिसलं की ओतण्याआधी एकमेकांना सांगा. इंजिन अजून वाचेल. माझ्यात मात्र आता नुसतं सोसायची ताकद उरलेली नाही.

"अगं ए, कुणीतरी या माझ्याबरोबर," आई टॅक्सीतून म्हणाली.

टॅक्सीवाल्यानं आरशात त्या दोघांकडे पाहिलं आणि गिअर टाकला. "राहू द्या मावशी, मी नेतो तुम्हाला आतपर्यंत. त्यांचं बोलून होईतो इंजिन थंड होईल."