रेनीच्या केसांचा कंगवा

मी एक कंगवा आहे. जांभळा, प्लास्टिकचा आणि जरा फटकळ. माझे दात मोजकेच आणि लांब लांब आहेत. मला बघून लोक हसतात, हसू द्या. ज्या डोक्याची मी चाकरी करतो, तिथे बारीक दातवाल्यांचं काम नाही.

अमेरिकेत, टेक्ससमधल्या अर्विंग गावातल्या एका दुकानात मी खुंटीला लटकत होतो. तिथून रेनीने मला घरी आणलं. रेनी कृष्णवर्णीय, जन्मापासून टेक्ससची, शाळेत संगीत शिकवते. तिचे केस मुळात दाट, कुरळे. पण लहानपणापासून रिलॅक्सर नावाचं रसायन लावून सरळ केलेले. वर्षानुवर्षांच्या रसायनाने आणि घट्ट बांधण्याने कानशिलांवरचे केस विरळ झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रिलॅक्सर बंद, ओढाताणही बंद. आता मुळाशी कुरळे आणि खाली सरळ असे दोन स्वभाव एकाच डोक्यावर नांदतात. दोघं जिथे भेटतात तिथेच केस पटकन तुटतो. तिथे पोचलो की मीसुद्धा श्वास रोखतो.

आमचा कार्यक्रम रविवारी. भरपूर कंडिशनर लावायचं, बोटांनी गुंता सोडवायचा, मग मी टोकांकडून हळूहळू वर सरकायचं. झोपताना केस उशीला घासू नयेत म्हणून सॅटिनची टोपी. बऱ्याच महिन्यांनी कानशिलांवर बाळकेस उगवले. रेनी आरशात त्यांना "हॅलो, बेबीज!" म्हणायची आणि मी उगाचच ऐटीत यायचो.

मग रेनीला दिवस गेले आणि नागपूरहून सासूबाई आल्या. मराठी नवऱ्यामुळे रेनीला मराठी येत होतं, त्यामुळे बोलणं कुठे अडलं नाही. मीनाक्षीबाईंच्या बॅगेत डिंकाचे लाडू, खोबरेल तेल आणि एक लाकडी फणी. ही फणी माझ्याशेजारी येऊन बसली ती नाक मुरडूनच.

डोहाळजेवण ठरलं. मोगऱ्याची वाडी भरायची, म्हणजे सुनेला फुलांनी मढवायचं, असं मीनाक्षीबाईंनी जाहीर केलं. फुलं माळायची तर वेणी घट्ट हवी. "तेल लावून चापूनचोपून वेणी घातली की केस कसे वाढतात बघ," म्हणत त्यांनी रेनीला पुढ्यात बसवलं.

"आई, बी केअरफुल हं," रेनीचा नवरा नकुल फोनमधून मान वर न करता म्हणाला.

इतक्या लांबून प्रेमाने आलेल्या सासूला रेनी नको कसं म्हणणार? तिचा हात मात्र कानशिलावरून हलेना. मी टेबलावरून जीव तोडून ओरडत होतो, पण कंगव्याचं ऐकतं कोण!

फणी थेट मुळाशी रुतली. एक हिसका बसला आणि बाळकेस फणीत आले.

"आई, स्टॉप, प्लीज! मी किती जपले होते ते!" रेनीला रडूच फुटलं.

मीनाक्षीबाईंनी फणी खाली ठेवली. फणीतल्या त्या केसांकडे बघितलं. मग स्वतःचा भरगच्च अंबाडा सोडून त्यातून हातभर गंगावन काढलं आणि रेनीच्या मांडीवर ठेवलं. डोक्यावर उरली सुपारीएवढी गाठ.

"आई! हे कधीपासून?" नकुलचा फोन हातातून पडायचाच बाकी होता.

"तुझ्या मुंजीपासून. गावभर सांगत सुटू नकोस."

रडता रडता रेनी खुदकन हसली. मीनाक्षीबाईंनी मला उचललं आणि विचारलं, "कुठून सुरू करू गं?" मोगरा शेवटी केसांत माळला नाहीच; डोक्याला सैल बांधलेल्या सॅटिनच्या रुमालावर टाचला. इतकी देखणी वाडी मी पाहिली नव्हती.

आता माझा एक दात तुटलाय. नकुल मला टाकायला निघाला होता. अहो, टाकू नका, अजून काम आहे. सिया जन्मली ती डोकंभर कुरळे केस घेऊन. बारशाला आलेल्या एक काकू पाळण्यात डोकावून म्हणाल्या, "अगंबाई, किती कुरळे! काळजी नको हं, मोठी झाली की स्ट्रेट करता येतात."

रेनीचा चेहरा उतरला.

मीनाक्षीबाई माझ्यासकट पुढे आल्या. सुपारीएवढ्या गाठीनिशी, ताठ मानेने.

"काही गरज नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे कंगवा आहे."