माफी मागायला आलेली आई

आमच्या देशात फोननं फोटो काढला की ‘खटक्’ असा आवाज होतोच, तो बंद करायची सोय कंपन्या ठेवतच नाहीत. पण त्या मेल्यानं कुठलंसं ॲप टाकून तो बंद केला आणि मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर माझ्या धाकट्या बहिणीच्या, साएरोमच्या स्कर्टखाली फोन धरला. मागच्या बाईनं त्याचं मनगट पकडलं म्हणून सापडला.

तेव्हापासून माझ्या खानावळीत कुणी शेवयांच्या वाडग्याचा फोटो काढला की साएरोम दचकते. परवा तर किमचीची, आंबवलेल्या कोबीची ताटलीच हातातून सुटली. गिऱ्हाईक हसलं. त्याच्या डोक्यात वाडगा घालावासा वाटला मला.

“ताई, करून टाकूया तडजोड,” ती म्हणाली. त्याच्या वकिलाचा निरोप आला होता. आम्ही माफ केलं असं कोर्टाला कळवलं, तर शिक्षा हलकी होणार होती.

“तडजोड? खडी फोडायला पाठव त्याला!” मी कणीक आपटली.

“तुला काय जातंय बोलायला? मला झोप हवीय गं. पोलीस म्हणाले ना, अनोळखी होता, पहिल्यांदाच केलं. संपू दे एकदाचं.”

पोरगी हातची जाते की काय, अशी धास्तीच घेतली होती मी. म्हटलं, बाई, तुझ्या मनासारखं कर.

रविवारी दुपारी गिऱ्हाइकं पांगल्यावर एक बाई आली. हातात रेशमी कापडात बांधलेली पेटी. आली ती थेट फरशीवर गुडघे टेकून बसली.

“मी त्याची आई. एकुलता एक आहे हो. सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसलाय, डाग लागला तर जन्माचं वाटोळं होईल.”

“आणि हिच्या जन्माचं काय?” मी ओरडले. “आमच्या दारात यायला लाज नाही वाटली?”

“वकिलाच्या तोंडून कसली माफी मागायची? स्वतः यायलाच हवं होतं.”

आमच्या आईच्या वयाची बाई अशी फरशीवर बसलेली साएरोमला बघवेना. ती पुढे झाली. “उठा काकू,” ती म्हणाली, “मी माफ...”

“देव तुझं भलं करो, पोरी! हे घे, पर्सिमनची सुकवलेली फळं. आवडतात ना तुला? संध्याकाळी खिडकीत बसून खातेस ती.”

उठवायला पुढे केलेला साएरोमचा हात तसाच राहिला.

“कोण म्हणालं?” मी विचारलं.

“माझा मुलगाच. काय नेऊ, काय नेऊ म्हणून मी मागेच लागले होते. घरही त्यानंच सांगितलं. खानावळीच्या वर, मागच्या बाजूची खिडकी म्हणाला.”

पोलिसांनी आमचा पत्ता कुणालाही दिलेला नव्हता. आणि मागच्या बाजूला नुसता बोळ आहे, कचऱ्याच्या पिशव्या ठेवायचा. तिथून कुणाचा रस्ता जात नाही.

“काकू,” साएरोमनं विचारलं, “संध्याकाळी कुठे असतो तो?”

“क्लासला. रोज जातो. घरी यायला उशीरच...” बोलता बोलता बाई थांबली. आळीपाळीनं आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघू लागली. “क्लासलाच जातो ना तो?” हे ती आम्हालाच विचारत होती.

साएरोमनं तपास करणाऱ्या पोलीसबाईंना फोन लावला. खिडकी, बोळ, पर्सिमन, सगळं सांगितलं. त्याची आई फरशीवर बसून ऐकत राहिली. तिनं एकदाही अडवलं नाही, आणि मलाही तिला हाकलवेना.