हवेचं भाडं

शांताराम पाष्ट्यांना आयुष्यात दोनच गोष्टींचा संताप येई. एक म्हणजे उकडलेलं वांगं आणि दुसरी म्हणजे अर्धी रिकामी वॅगन. वांगं निदान ताटात बाजूला सारता येतं. वॅगनचं काय करणार? उभा जन्म रेल्वेच्या मालधक्क्यावर भाडं आकारण्यात गेलेला माणूस तो. लाकडाचा व्यापारी आला की त्याला आधी खुर्ची देत आणि मग धडा.

"शेटजी, तुमचं लाकूड किती भरतंय ते मला सांगू नका. वॅगन किती वाहू शकते ते बघा. भाडं तेवढ्या वजनाचं, अंतर असेल तितकं आणि मालाचा दर ठरलेला. ओंडके वेडेवाकडे रचलेत आणि मध्ये हवा राहिली, तर त्या हवेचं भाडंही तुमच्याच खिशातून जाणार!"

शेटजी कपाळाला हात लावून पुन्हा ओंडके रचायला पळत.

आता मात्र शांताराम निवृत्त होऊन वसईजवळच्या नायगावात एका टॉवरमध्ये मुलाच्या फ्लॅटवर राहत होते. वॅगन नाही, व्यापारी नाहीत. होत्या त्या फक्त आशालताबाई, आणि त्या रुसलेल्या. घरात दोन सोफे, एक दिवाण, तरी त्यांचं एकच पालुपद, "मला इथं बसायला जागा नाही."

"सोफा काय काट्यांचा आहे?" शांताराम विचारत.

"सोफा हलतो का?"

तर अशी गोष्ट होती. गावच्या घरी पडवीत झोपाळा होता. नवरा आज या धक्क्यावर, उद्या त्या धक्क्यावर. त्या बाईने संध्याकाळ अन् संध्याकाळ त्या झोपाळ्यावर एकटीने काढलेली. पुढे वाटणी झाली आणि घराबरोबर झोपाळाही दिरांच्या वाट्याला गेला. त्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. पण एक दिवस त्यांनी देवरुखला भावाकडे जायचं तिकीट काढलं. शांतारामांनी ते डोळ्यांजवळ धरून वाचलं. पुढच्या महिन्यातला रविवार.

"परतीचं कुठाय?"

"बघू पुढचं पुढे," असं म्हणून त्या भाजी निवडायला बसल्या.

शांतारामांनी तिकीट पुन्हा उलटंपालटं करून पाहिलं. भांडल्या असत्या तर परवडलं असतं, पण ते "बघू" फार वाईट होतं.

दुसऱ्याच दिवशी, काहीतरी थाप मारून, त्यांनी गाव गाठलं. घरामागचा फणस पडला होता, त्याचं लाकूड विठ्ठल सुताराकडे होतं. सोसायटीत छताला भोक पाडायला बंदी, म्हणून चार पायांच्या चौकटीत टांगलेला झोपाळा करायला सांगितला. विठ्ठलने तीनेक आठवडे जीव ओतून काम केलं. लोखंडी खिळा एकही नाही, सगळ्या लाकडी खुंट्या.

"काका, खुंट्या काढतो आणि सुटा करून गठ्ठा बांधून देतो," विठ्ठल म्हणाला. "तिकडे कोणीही ठोकून देईल."

"नायगावात खुंट्या ठोकणारा कोण मिळणार रे? तिथं सगळे संगणक ठोकणारे! राहू दे तसाच, उभा."

मग त्यांनी टेप काढला. पार्सलमध्ये मोजणी होते ती बाहेरून: लांबी, रुंदी, उंची. त्या मापाचं वजन काढतात, खरं वजन बघतात, आणि जे जास्त निघेल त्याचं भाडं. झोपाळा पडला पोकळ. बाहेरचं माप मोठं, आत लाकूड थोडं. शांतारामांनी आकडेमोड केली आणि पुन्हा एकदा टेप लावून पाहिला. ज्या हवेवरून जन्मभर व्यापाऱ्यांना बोल लावले, ती हवा आता त्यांच्याच गळ्यात!

पण कारकून तो कारकूनच. पैसे हवेचे जाणार असतील तर हवेच्या जागी माल का नको? झालं! नारळ आले, कुळीथ आले, फणसाची साठं आली. वहिनींनी पाटा-वरवंटा दिला. शेजारच्या यशोदाकाकूंनी तांदळाचं गाठोडं आणून ठेवलं. "आशालतेला द्या. तिथला तांदूळ बघून ती रडत असेल." चौकटीत बोट शिरायला जागा उरली नाही. वर गोणपाट शिवलं आणि शांताराम त्याभोवती एक प्रदक्षिणा घालून प्रसन्न झाले.

स्टेशनवर काटा बंद पडलेला. बुकिंगवाला डोकं खाजवायला लागला.

"त्याला काटा कशाला हवा? मी बसलोय ना!" असं म्हणून शांतारामांनी लाकडाचं घनमाप काढलं, फणसाचा घनफुटामागचा वजनाचा तोंडपाठ दर लावून त्याचं वजन केलं, त्यात सामान मिळवलं. बेरीज बरोबर बाहेरच्या मापाने येणाऱ्या वजनाच्या आत. बुकिंगवाल्याने आदराने तोच आकडा लिहून घेतला. "वसईला तोलतील हां, काका."

"खुशाल तोलू देत."

शनिवारी सकाळी वसई रोडच्या पार्सल ऑफिसात उन्नती दिसली. शांतारामांच्याच हाताखाली तयार झालेली पोरगी. "सर!" म्हणत ती पाया पडली, चहा मागवला. मग गोणपाट काट्यावर चढलं आणि उन्नतीचा चेहरा बदलला.

"सर, वजन जास्त येतंय. बरंच."

"तुमचा काटा बिघडलाय."

उन्नती गुमान काट्यावर जाऊन उभी राहिली. "नाही हो सर. माझं अगदी बरोबर दाखवतोय, दुर्दैवाने."

हमाल हसले. शांताराम हसले नाहीत. त्यांनी गोणपाटाच्या फटीतून लाकडाला हात लावला. गार. ओलं. फणस पडला होता याच पावसात, आणि त्यांनी हिशेब लावला होता वर्षभर वाळलेल्या लाकडाचा! ओलं लाकूड वाळलेलं म्हणून खपवणाऱ्या किती व्यापाऱ्यांना त्यांनी धारेवर धरलं होतं. इथे तर त्यांनी स्वतःलाच फसवलं होतं.

"फरक भरावा लागेल, दंडासकट," उन्नती हळूच म्हणाली. "नाहीतर तक्रार अर्ज द्या. सोमवारी साहेब येतील, दोन्ही स्टेशनांचे कागद बघतील. बुकिंगला काटा बंद होता, म्हणजे कदाचित दंड सुटेलही. पण तोवर माल इथेच."

शांतारामांचं पेन खिशातून बाहेर आलंसुद्धा. आख्ख्या नोकरीत त्यांच्या हिशेबावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. अर्ज असा लिहिला असता की साहेबाला घाम फुटला असता! पण सोमवार. आणि आशालताबाईंची गाडी होती रविवारची. दाराशी भरून ठेवलेली बॅग त्यांच्या डोळ्यांपुढे आली, ते "बघू पुढचं पुढे" ऐकू आलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"दंड लाव पोरी. चूक माझी आहे."

"सर, तुम्ही असं म्हणताय?"

"आता म्हणतोय तोवर पावती फाड!"

वसईतल्याच होळी भागातला टेम्पोवाला आग्नेल बाजारात भाजी उतरवून रिकामा टेम्पो घेऊन निघाला होता. त्याने झोपाळा नायगावला आणला. तिथे लिफ्टने दगा दिला. झोपाळा उभा जाईना, आडवाही जाईना.

"काका, खुंट्या काढायच्या की," आग्नेल म्हणाला. "आमच्या घरची खाट अशीच हाय."

शांताराम त्याच्याकडे बघतच राहिले. आग्नेलने इकडेतिकडे पाहिलं, सामानातला वरवंटा उचलला, त्यावर गोणपाट गुंडाळलं आणि टकाटक खुंट्या काढल्या. वर नेऊन त्याच वरवंट्याने पुन्हा ठोकून दिल्या. विठ्ठलचं ऐकलं असतं तर हवा, दंड, काटा, सगळंच टळलं असतं!

आशालताबाई दारात उभ्या राहून सगळं पाहत होत्या. आग्नेल चहा घेऊन गेला, तेव्हा शांतारामांनी खाली मान घालून सगळं सांगितलं: थाप, फणस, पाटा, काट्यावर चढलेली उन्नती.

"म्हणजे तुमचा हिशेब चुकला?"

"चुकला."

"आणि ते तुम्ही कबूल केलंत? तोंडाने?"

"उद्या तुझी गाडी आहे ना. अर्ज लिहीत बसलो असतो तर तू गेली असतीस."

 आशालताबाईंना हसू फुटलं, असं की पदराने डोळे टिपावे लागले. नायगावला आल्यापासून शांतारामांनी ते हसू ऐकलं नव्हतं. 

त्या झोपाळ्यावर बसल्या, जुन्या सवयीने एका कडेला. शांतारामांनी समोर खुर्ची ओढली.

"काय हो, भाडं आख्ख्या झोपाळ्याचं भरलंत ना?"

"आख्ख्या. वर दंड."

"मग अर्धा रिकामा कशाला चालवताय?"

शांताराम खुर्चीवरून उठले आणि शेजारी जाऊन बसले. खुंट्या थोड्या करकरल्या, मग गप्प झाल्या.

"उद्याचं तिकीट..." त्यांनी भीत भीत विषय काढला.

"रद्द करा. मे महिन्यात जाऊ. दोघं." आशालताबाईंनी पायाने झोका दिला. "आणि परतीचंही आताच काढून ठेवा."