फाटा हितंच की

आमच्या वस्तीवरचं एकबी माणूस बस थांबती तो फाटा लांब हाय असं म्हणत न्हाय. पाव्हण्याला लांब सांगितलं की आपल्यालाच कमीपणा. माझी सासू निंगव्वा तर ह्यात सगळ्यांच्या पुढं.

त्या दिवशी सोलापुरातनं, सात रस्ता चौकातल्या ऑफिसातनं, संस्कृती मॅडम स्कूटीवर आली. कुणाच्या घरी चूल, कुणाकडं गाडी, बस किती लांब, असं मोजत फिरत होती. ज्या वस्तीची अडचण जास्त, तितं बस सुरू होणार होती. माझ्या लेकीची, सिद्धेश्वरीची, बारावी झालेली. बस आली तर कॉलेज, न्हायतर लग्नासाठी स्थळं बघायची, हे घरात ठरलेलं.

"बस किती लांब?" मॅडमनं विचारलं.

"हितंच की," सासू म्हणाली.

"गॅस आहे?"

"व्हय की." सासूनं विणलेलं झाकण घातलेली टाकी दाखवली. ती दिवाळीपास्नं रिकामी. स्वयंपाक चुलीवर, तुराट्या जाळून.

मॅडमनं टॅबवर बोट फिरवून नोंद केली: अडचण न्हाय. माझं टाळकंच फिरलं.

"मॅडम, स्कूटी राहू द्या हितं." मी रिकामी टाकी डोक्यावर घेतली. "गॅसची गाडी फाट्यावरच येती. चला, हितंच हाय."

मॅडम म्हणजे पोरगीच, स्कूटीवरनं येताना वाट किती ते तिला कळलंच नव्हतं; बिचारी निघाली. वाटेत मी टाकी तिच्या कमरेवर दिली, वीस पावलांत तिनं खाली ठेवली. ओढ्यापाशी घाम पुसत म्हणाली, "अजून किती?"

"हितंच की," मी म्हटलं. मजा वाटत होती मला, खोटं कशाला बोलू.

फाट्यावर तिनं मोबाईल बघितला. सव्वापाच किलोमीटर, दीड तास. ती दगडावर बसली. "जगदेवीताई, मी प्रश्नच चुकीचा विचारत होते."

दुसऱ्या दिवशी ती परत आली. किती लांब, हे विचारलंच न्हाय. बस धरायला घरातनं किती वाजता निघता आणि शेवटची टाकी कधी आणली, एवढंच विचारलं. मग काय, सगळ्यांनी खरं सांगितलं. सासूनंबी.

पाऊसकाळ लागायच्या आत वस्तीवर बस आली. सिद्धेश्वरी कॉलेजची बॅग घेऊन खिडकीत बसली. माझा आनंद पोटात मावंना. अख्ख्या वस्तीसमोर मी मोठ्यानं म्हटलं, "जिंकलो आपण."

कंडक्टर सासूला चिडवायला लागला, "आजी, उद्यापास्नं येऊ का नको? फाटा तर हितंच हाय म्हणत्यात."

सासूनं बसचा दांडा घट्ट धरला.

"कोण म्हणतंय? लई लांब हाय बाबा. रोज ये."